टीचरला विचारा : पंप ऑफिसच्या कपाटात आणि पोरगा मैदानावर

या वेळी दम्याचीच पत्रं जास्त आलीत. टीमची निवड सुरू झालीय आणि त्यात पाऊसही आलाय, म्हणजे घराघरात खोकला आणि खेळ एकदमच चालू, तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं डिचोली तालुक्यात पीई टीचर होते आणि दमा मला स्वतःला सहाव्या वर्षापासून आहे, त्यामुळे गोळी किती आणि पंपाचे (म्हणजे इनहेलरचे) पफ किती हे तुमच्या डॉक्टरला विचारा, मला मैदानावरचं विचारा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, १२ वर्षांचा, चौथ्या वर्षापासून दमा. यंदा सरांनी त्याला शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं, घरी येऊन नाचला अक्षरशः. पण सासूबाई म्हणतात दम्याच्या पोराला धावायला लावणं म्हणजे मुद्दाम दुखणं ओढवून घेणं, आणि मिस्टर म्हणतात तुझं तू बघ. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा रात्री खोकला येतो, मग आम्ही निळा पंप देतो आणि झोपतो. दुसरा एक पंप डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेला पण तो स्टिरॉइडचा आहे म्हणून सुट्टीत बंद केला. खेळू देऊ की नको? – एक आई, फोंडा तालुका

ताई, खेळू द्या. मात्र त्याआधी तुमचं एक काम राहिलंय आणि ते फुटबॉलचं नाहीच, ते रात्रीच्या खोकल्याचं आहे.

तुम्ही पत्रात ते सहज लिहून गेलात, खोकला येतो, पंप देतो, झोपतो. मी तिथेच थांबले. दमा ताब्यात आहे की नाही हे बघायला डॉक्टर मागच्या चार आठवड्यांचा हिशेब विचारतात, दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का, रात्री दम्यामुळे एकदा तरी जाग आली का, त्रास झाल्यावर घ्यायचा निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, आणि दम्यामुळे खेळणं-धावणं कमी झालं का. यातलं एक जरी हो आलं तरी ताबा पूर्ण नाही असं धरतात, आणि तुमच्याकडे रात्रीचा हो तर ठळक आहे. म्हणजे मुलाला फुटबॉलने त्रास होईल की नाही ही पुढची गोष्ट, त्याला आत्ता गादीवर झोपूनच त्रास होतोय. सासूबाईंना हे असंच सांगा.

आता तो बंद केलेला पंप. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या अंगावर काटाच येतो, जिमवाले दंड फुगवायला घेतात ते वेगळं आणि हे वेगळं हे कुणी समजावूनच सांगत नाही. पंपातल्या एका पफमध्ये औषध असतं १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम. अटॅक आल्यावर दवाखान्यात जी स्टिरॉइडची गोळी देतात ती मिलिग्रॅममध्ये, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, सरळ तुलना होत नाही हे मान्य, पण रोजचा पंप बंद करून वर्षातून तीनदा गोळ्यांचा कोर्स करायचा आणि वर म्हणायचं की आम्ही स्टिरॉइड टाळतो, हा कुठला हिशेब? उंचीवर थोडा परिणाम होतो ते खरं आहे, लपवायचं कारण नाही. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांत साधारण सेंटीमीटरच्या आसपास फरक दिसलेला आहे. माझ्या मते तेवढ्यासाठी पोराचं बालपण पायरीवर बसवून ठेवायचं नाही. पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायला लावा म्हणजे तोंड येत नाही, आणि स्पेसर वापरा. ती पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी लहान पोरांसाठीच असते असा समज आहे, मी या वयात वापरते.

आणखी एक. निळा पंप श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत बरं वाटतं, म्हणून सगळ्यांना तोच आवडतो. पण आत जी सूज असते तिला तो हातही लावत नाही. सूज रोजच्या पंपाने उतरते, हळूहळू, दिवसा-आठवड्यांनी, आणि लगेच काही जाणवत नाही म्हणून लोक तोच बंद करतात. २०१९ पासून तर गिना ही दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी संस्था सांगते की १२ वर्षं आणि पुढच्या पेशंटला नुसत्या निळ्या पंपावर ठेवूच नये. काही मुलांना आता अटॅकसाठीही फॉर्मोटेरॉल (नळ्या सैल करणारं औषध) आणि स्टिरॉइड एकत्र असलेला पंप देतात, म्हणजे रंगावरून ओळखायचे दिवस गेले. तेव्हा डॉक्टरकडे जाल तेव्हा सरळ विचारा, रोजचा कुठला, घाईचा कुठला, आणि खेळाआधी घ्यायचा की नाही. दोन्ही पंप सोबत न्या आणि मुलाला त्यांच्यासमोर घेऊन दाखवायला लावा, कारण निम्म्या वेळा औषध बरोबर असतं आणि घेणं चुकीचं असतं. चुका ठरलेल्या, न हलवता घेणं, भसकन ओढणं, दाबणं आधी आणि श्वास नंतर. मी स्वतः वर्षानुवर्षं चुकीचा घेत होते, एका नर्सने पकडलं.

मग धावल्यावर दम का लागतो? नाकातून श्वास घेताना हवा गरम आणि ओली होऊन आत जाते. धावताना आपण तोंडाने ओढतो, भराभर, तेव्हा कोरडी हवा थेट नळ्यांत जाते, आतला ओलावा उडतो आणि आधीच चिडलेल्या नळ्या आवळतात. गंमत म्हणजे त्रास धावताना कमी आणि थांबल्यावर जास्त होतो, थांबल्यापासून पाच ते पंधरा मिनिटांत सगळ्यात वाईट आणि मग तासाभरात बहुतेक उतरतो. म्हणून सर लोक फसतात. पोरगा मॅचभर बरा धावला, आता बस चढताना खोकतोय म्हणजे घरी जायला नाटक करतोय. नाटक नसतं ते. हाफटाइमला आणि मॅच संपल्यावर त्याच्याकडे लक्ष द्यायला सरांना सांगून ठेवा.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. आपल्याला वाटतं पावसाळा वाईट. पण नुसत्या धावण्यापुरतं बघितलं तर आपली जून-जुलैची ओली गरम हवा नळ्यांना सोपी जाते, अवघड जाते ती डिसेंबर-जानेवारीची पहाट, सत्तरी-सांगेकडची थंड कोरडी हवा, त्यात कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला. कापणी झाल्यावर मळ्यात फुटबॉल सुरू होतो तेव्हाची धूळ तर विचारूच नका. पावसाळ्यात त्रास देते ती बुरशी आणि सर्दी. भिंतीला काळे डाग, कपाटात वास, न वाळलेले मोजे, आणि शाळा सुरू झाली की एकाची सर्दी चाळीस जणांना. सर्दी असेल त्या दिवशी प्रॅक्टिस हलकी किंवा सुट्टी, यावर वाद नको.

वॉर्मअप मात्र चुकवायचा नाही, दम्याच्या पोराला तर नाहीच. दहा-पंधरा मिनिटं, आधी चालत, मग जॉगिंग, मग मध्येमध्ये छोट्या छोट्या धावा. बऱ्याच जणांत असं होतं की या छोट्या धावांनी नळ्या एकदा थोड्या चिडून घेतात आणि मग पुढचा तासभर-दोन तास कमी चिडतात. हे सगळ्यांना लागू पडत नाही, तुमच्या मुलाला पडतं का ते दोन आठवड्यांत कळेल. डॉक्टरांनी खेळाआधीचा पंप लिहून दिला असेल तर तो मैदानावर उतरायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. पण रोज खेळाआधी पंप घेऊनसुद्धा रोजच धाप लागत असेल तर आतली सूज उतरलेली नाही असं समजून परत डॉक्टर गाठा.

घरी एक पीक फ्लो मीटर ठेवा, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं प्लॅस्टिकचं साधं यंत्र असतं, फार महाग नाही. तीनदा जोरात फुंकायचं आणि सगळ्यात जास्त आकडा लिहायचा. तब्येत चांगली असताना दोन आठवडे लिहिलेत की त्याचा स्वतःचा सगळ्यात चांगला आकडा मिळतो. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर जा खेळ, ५० ते ८० मध्ये असेल तर डॉक्टरने सांगितलेलं औषध आणि त्या दिवशी खेळ नाही, ५० च्या खाली म्हणजे पंप देऊन तडक दवाखाना. मुलाला स्वतःला लिहू द्या, क्रिकेटच्या स्कोरसारखं त्याला आवडायला लागतं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय ते. पंप कुठे असणार?

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, शाळेचं नाव राहू दे. नियम असा की मुलांची औषधं ऑफिसच्या कपाटात, कुलूप लावून. एका मुलीला रिलेच्या प्रॅक्टिसनंतर धाप लागली, मी धावत ऑफिसात गेले तर किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत गेलेला. त्या मुलीला मी माझा पंप दिला म्हणून निभावलं, आणि हेडबाईंनी नंतर मलाच ऐकवलं की दुसऱ्याचं औषध कसं दिलंत. नियमाने त्या बरोबर होत्या. पण त्या दिवसापासून प्रॅक्टिसला शिट्टी गळ्यात घालायच्या आधी मी एकच विचारायचे, पंप कुठे आहे? दप्तरात असं उत्तर आलं तर दप्तर आणायला पाठवायचे, कारण दप्तर दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात असतं आणि वर्ग बंद असतो. पंप आणि स्पेसर एका लहान पाऊचमध्ये, नाव लिहून, टचलाइनवर, पाण्याच्या बाटल्यांजवळ पण उन्हात नाही. एक जादा पंप सरांच्या किटमध्ये. सोबत डॉक्टरच्या सहीचा एक कागद, त्यावर औषधाचं नाव, किती पफ, कधी, कुणाला फोन. लॅमिनेट करा, पाऊस आपला आहे तो आहेच.

चवथीचंही सांगून ठेवते कारण दरवर्षी तेच होतं. सगळे मूळ घरी जातात, वर्षभर बंद असलेली खोली उघडतात, ट्रंकेतली गोधडी काढून पोरांना खाली झोपवतात, वर धूप आणि फटाके, आणि पंप शहरातल्या फ्लॅटच्या शेल्फवर. तुमच्या बॅगेत पहिल्यांदा पंप आणि मग करंज्या.

जाता जाता, कुणीतरी तुम्हाला सांगेल की दम्याचा आहे तर गोलवर उभा करा, धावायला नको. गोलकीपर व्हायचं असेल तर जरूर होऊ दे, आपल्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलमध्ये उभे राहून देशाचे कॅप्टन झाले. पण आजारी म्हणून गोलवर टाकू नका, गोलकीपरचा तो अपमान आहे. मँचेस्टर युनायटेडचा पॉल स्कोल्स दमा असून मिडफील्डला खेळला, आणि मिडफील्ड म्हणजे मैदानावर सगळ्यात जास्त धावणारी जागा.

प्रश्न : टीचर, मी नववीत आहे, कबड्डी खेळते. मला दमा आहे हे टीममधल्या दोघींनाच माहीत आहे. पंप सगळ्यांसमोर घ्यायला लाज वाटते म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन घेते. आई म्हणते पंपाची सवय लागते, लग्नाच्या वेळी लोक विचारतील. आणि कधीकधी मला कळतच नाही की हा दमा आहे की नुसती धाप. – पेडणे

बाय, लग्नाचं तुझ्या आईशी मी बोलेन, चौदाव्या वर्षी त्याची काळजी करायची तुला गरज नाही.

सवय वगैरे काही लागत नाही. चष्म्याची सवय लागते असं कुणी म्हणतं का, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून लावतो. निळा पंप वाढत चालला तर त्याचा अर्थ सवय लागली असा नसतो, दमा ताब्यात नाही असा असतो, आणि ते उलट लपवण्यापेक्षा सांगायला हवं.

बाथरूमचं मला खरंच आवडलं नाही आणि रागावत नाहीये. अटॅक वाढला तर तू एकटी, दार आतून बंद, बाहेर बाकीच्या समजतात बसलीय निवांत. त्यापेक्षा टीमला एकदा सांगून टाक, पाच मिनिटांचा विषय आहे, पहिल्या दिवशी सगळ्या बघतील आणि तिसऱ्या दिवशी त्यातलीच एक तुला आठवण करेल की पंप घेतलास का. मी तुझ्या वयाची असताना मैदानाच्या पायरीवर बसून बाकीच्यांची घड्याळं सांभाळायचे, सहा-सहा घड्याळं दोन्ही मनगटांवर. कुणी वाईट वागत नव्हतं, सगळे फार चांगले वागायचे, तेच सहन व्हायचं नाही.

कबड्डी तू चांगली निवडलीस हे तुला माहीत आहे का? एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मग श्वास घ्यायला जागा, सलग पंधराशे मीटर धावण्यापेक्षा दम्याला हे बरंच सोपं जातं. आणि कबड्डी-कबड्डी म्हणत श्वास सोडत राहायचं हे तर एका परीने श्वासाचं ट्रेनिंगच, अर्थात दम लागलेला असताना तो घोष ओढूनताणून पूर्ण करायचा नाही, हात वर कर आणि बाहेर ये. मातीवर खेळत असाल तर प्रॅक्टिसआधी पाणी मारून घ्या, धूळ बसते.

आता धाप की दमा. धाप सगळ्यांनाच लागते, थांबलं की दोन-चार मिनिटांत श्वास जागेवर येतो आणि बोलता येतं. दम्यात थांबल्यावर वाढतं, छाती आवळल्यासारखी वाटते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, खोकला सुटतो, आणि निळ्या पंपाने फरक पडतो. तिसरा एक प्रकार असतो तो कमी लोकांना माहीत आहे, तुझ्या वयाच्या खेळणाऱ्या मुलींमध्ये बघितलाय मी, त्यात गळ्यापाशी घुसमटतं, आवाज श्वास आत घेताना येतो, पंपाने काही होत नाही आणि थांबल्यावर पटकन जातं. ते स्वरयंत्राचं असू शकतं, दम्याचं नाही, उपचारही वेगळा. दोन आठवडे वहीत लिहून ठेव, काय करत होतीस, त्रास कधी सुरू झाला, आवाज आत घेताना की सोडताना, पंपाने किती वेळात बरं वाटलं. ती वही डॉक्टरला दाखव. कुणाकडून मोबाइलवर त्या वेळचा व्हिडिओ काढून घेतलास तर आणखी चांगलं, डॉक्टरसमोर गेलं की दमा गायबच होतो, माझाही व्हायचा.

प्रश्न : मी सत्तरीतल्या एका शाळेत पीई शिक्षक आहे. वर्गात तीन-चार मुलं तरी दम्याची असतात. पालक सर्टिफिकेट आणतात की खेळातून सूट द्या. मला सूट देणं सोपं आहे, पण बरं वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते, मैदानावर अटॅक आला तर नेमकं काय करायचं? आमच्याकडून हॉस्पिटल लांब आहे.

सर, भीती वाटते हे लिहिलंत म्हणून तुमच्यावर माझा विश्वास बसला. ज्यांना वाटत नाही ते म्हणतात पाणी पी, बस सावलीत, होईल बरं.

ही पद्धत मी मुलांनाही शिकवायचे, चारचा पाढा म्हणून. मुलाला बसवा, आडवं करायचं नाही, सरळ बसवून थोडं पुढे वाकू द्या, हात गुडघ्यांवर. कॉलर, बेल्ट सैल. निळा पंप हलवून स्पेसरला लावा, एक पफ, चार श्वास, परत हलवा, परत एक पफ, चार श्वास, असे चार पफ. सगळे एकदम दाबायचे नाहीत. मग चार मिनिटं थांबा, घड्याळात बघून, कारण त्या वेळी एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. फरक नाही तर परत चार पफ आणि १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवायचं. मुलाच्या कागदावर डॉक्टरने वेगळं लिहिलं असेल, किंवा त्याचा घाईचा पंप तो एकत्र औषधाचा असेल, तर त्या कागदाप्रमाणे चाला.

काही खुणा दिसल्या तर चार मिनिटंसुद्धा थांबू नका, पहिल्या पफबरोबरच फोन लावा. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, किंवा मूल गळून गेलंय आणि झोपाळू झालंय. आणि एक फसवी खूण, आधी शिट्टी वाजत होती आणि आता छातीतून आवाजच येत नाही पण मूल अजून धडपडतंय. लोकांना वाटतं बरं झालं. हवा आत-बाहेरच होत नाहीये म्हणून आवाज बंद झालेला असतो. तुमच्याकडे अंतर जास्त आहे म्हणून फोन लवकर करा, गाडी अर्ध्या वाटेतून परत पाठवावी लागली तरी चालेल, त्यात लाज नाही.

मुलाला एकटं सोडून पंप आणायला जायचं नाही, दुसऱ्याला पिटाळा. बाकीची पोरं गोल करून उभी राहतात त्यांना हटवा. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं हे सिनेमातलं आहे, तसलं काही करू नका. अटॅक उतरला तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि घरी फोन करून सांगायचंच, चिठ्ठीवर सोडायचं नाही.

पंप चालू आहे का हे आधीच बघून ठेवा. बहुतेक निळ्या पंपांत २०० पफ असतात पण संपल्यावरही फुसफुस आवाज येतच राहतो, त्यात नुसता गॅस असतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी पद्धत भरवशाची नाही. काउंटर असेल तर तो बघा, नसेल तर कधी उघडला ती तारीख पेनाने लिहा आणि एक्सपायरी बघा. बरेच दिवस पडून असलेला पंप आधी दोन-चारदा हवेत मारून घ्यायचा.

सूट देण्याबद्दल, सर्टिफिकेट घेऊन आलेल्या पालकाला मी नाही कधीच म्हटलं नाही, एवढंच विचारायचे की ही सूट किती दिवसांची, आणि त्या दिवसांत दम्यासाठी काय करणार आहात. बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसायचा. सूट वर्षाची मागायची आणि औषध आठ दिवसांचं घ्यायचं. मुलाला स्कोरर करा, लाइन्समन करा, पण त्याच्या कपड्यांत, म्हणजे स्पोर्ट्सच्या, बाकीच्यांबरोबर. महिनाभराने ते स्वतःच विचारतं, सर मी एक राउंड मारू?

प्रश्न : डॉक्टर म्हणाले स्विमिंग घाला, दम्याला सगळ्यात चांगलं. पण मित्र म्हणतो क्लोरीनने उलट वाढतो. मुलगी नऊ वर्षांची. – एक बाबा, मडगाव

दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पाण्याच्या वरची हवा ओली आणि उबदार असते म्हणून पोहताना नळ्या कमी आवळतात, धावण्यापेक्षा नक्कीच कमी. अमेरिकेची एमी व्हॅन डायकन लहानपणी दम्यासाठी म्हणूनच पोहायला लागली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चार गोल्ड मेडलं घेऊन आली. पण पोहण्याने दमा बरा होतो असं नाही, औषध चालूच. क्लोरीनचा त्रास मुख्यतः बंद, हवा न खेळणाऱ्या पूलमध्ये होतो, क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जो उग्र वास तयार होतो तो नळ्यांना झोंबतो. म्हणजे पूलला फार वास येतोय याचा अर्थ तो स्वच्छ आहे असा नाही, उलटच. उघड्यावरचा पूल बघा, पाण्यात उतरायच्या आधी सगळे आंघोळ करतात का ते बघा, आणि पहिले चार दिवस स्वतः काठावर बसा. पंप लॉकरमध्ये नाही, काठावर, तुमच्या हातात. कोचला पण सांगा, पाण्यात खोकणारं मूल आणि पाणी नाकात गेलेलं मूल लांबून सारखंच दिसतं.

प्रश्न : नातवाला दमा आहे, मी केळं, दही, ताक सगळं बंद केलंय. सून ऐकत नाही. मृग नक्षत्रावर हैदराबादला मासळीतून औषध देतात तिथे नेऊ का? – एक आजी, डिचोली

आजी, तुमच्याच गावाकडची मी, म्हणून स्पष्ट लिहिते. हैदराबादला जाऊ नका. जिवंत मासा पोराच्या घशात घालायचा, गर्दीत तासन्‌तास रांगेत, आणि त्याने दमा जातो असा काही पुरावा नाही. ज्यांना बरं वाटलं त्यांच्यात वयाबरोबर दमा आपोआप कमी झालेलेही असतात. केळं, दही खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं तुम्ही स्वतः बघितलं असेल तर त्या मुलापुरतं बंद करा, नसेल तर खाऊ द्या, खेळणाऱ्या पोराला पोटभर लागतं. बंद करायचंच असेल तर न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या हंड्याखाली) जी सोडणं (नारळाच्या शेंड्या) जळतात तो धूर आणि रात्रीची मच्छरची कॉइल बंद करा, नातू त्याच खोलीत झोपतो ना? सून खाण्याच्या बाबतीत बरोबर आहे, असं मी लिहिलंय म्हणून तिला सांगू नका.

प्रश्न : पंप घेऊन मॅच खेळली तर डोपिंग होतं का? वर्गातले चिडवतात. – आठवी, वास्को

नाही रे. वर्ल्ड अँटी-डोपिंग एजन्सीच्या नियमात साल्ब्युटामॉल, म्हणजे निळ्या पंपातलं औषध, पंपाने घ्यायला परवानगी आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. एक पफ १०० चा, हिशेब कर. ही खेळाडूंसाठीची मर्यादा आहे, तुझा डोस नाही, तुझा डोस कागदावर आहे तेवढाच. पॉला रॅडक्लिफने २००३ ला लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मारली, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, तिला शाळेत असल्यापासून दमा. चिडवणाऱ्यांना सांग आधी शाळेभोवती एक राउंड तेवढ्या स्पीडने मारून दाखवा.

प्रश्न : नरकासुराच्या रात्री (त्याचा पुतळा करून पहाटे जाळतात) मी मित्रांबरोबर जागतो आणि दिवाळीनंतर लगेच आमची टुर्नामेंट आहे. दम्यामुळे आई जाऊ देत नाही. – दहावी, म्हापसा

नरकासुर करायला जा, कागद-गवत-रंग सगळं कर, पण जाळायच्या वेळी वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि लांब, तोंडावर घट्ट मास्क, कारण आत फटाके भरलेले असतात आणि पहाटेची हवा जड असते, धूर खालीच राहतो. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रोजचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही. स्प्रेपेंट मारायचं काम दुसऱ्या कुणाला दे. आईला फोनवर दर तासाला मेसेज कर. टुर्नामेंटच्या आदल्या रात्री मात्र नऊला झोप, आणि पंप किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात, शूजखाली नाही.